दिवाणसाहेबांची वीत

रविवार, ११ जानेवारी १९५३

दिवाणसाहेब मागावरून उठेनात.

ठरलं होतं असं — आडवा धागा नेणारा धोटा एकदा इकडून तिकडं टाकायचा, टाळ्या, फोटो, हार, पेढे. आम्हाला विणकाम शिकवणाऱ्या चिमणाबाईंनी त्यांच्या हातात धोट्याची दोरी दिली, पाय कुठं दाबायचा ते दाखवलं. साहेबांनी धोटा टाकला. टाळ्या झाल्या. त्यांनी परत टाकला. परत टाळ्या. तिसऱ्या वेळी टाळ्या जरा कमी पडल्या तर त्यांनी मान वर करून आमच्याकडं बघितलं. मग आम्ही दर धोट्याला वाजवायला लागलो. पाऊण तास. माझे तळहात अजून लाल आहेत.

वय चौऱ्याहत्तर. कुठल्याशा लहान संस्थानाचे दिवाण होते. संस्थान विलीन झालं, दिवाण तेवढे शिल्लक राहिले. चार वर्षांत कुणी साधा नारळ फोडायला बोलावलं नाही, हे त्यांनीच भाषणात सांगितलं. "शाहूपुरी महिला हातमाग मंडळानं माझी आठवण ठेवली," म्हणताना आवाज चिरकला. खरं म्हणजे ज्यांना बोलावलं होतं त्यांनी आयत्या वेळी तार केली, आणि हे मिरजेत मोकळे होते. एवढंच.

उठले तेव्हा वीतभर कापड झालं होतं. कापड आपलं म्हणायचं. उभे धागे तुटून लोंबत होते — चिमणाबाईंनी मोजले, अकरा. एक कड आत ओढलेली, दुसरी बाहेर आलेली, मधे जाळी. साहेबांनी त्याच्यावरून हात फिरवला. म्हणाले, "याला कुणी हात लावू नका. मी पुन्हा येईन."

आमच्या अध्यक्ष, आक्का, त्यांनी सगळ्यांदेखत शब्द दिला.

सोमवार, १२ जानेवारी

इतिवृत्त लिहिलं. मी चिटणीस — एक तर माझं अक्षर बरं, दुसरं म्हणजे राजमतीआक्का अध्यक्ष. त्या माझ्या थोरल्या जाऊ. मंडळाची खोली आमच्याच घराची पुढची, किल्ली माझ्या कमरेला. घरात मी आठ वर्षं विधवा आहे, मंडळात एक वर्ष चिटणीस. दुसरं बरं वाटतं.

"पाहुण्यांना आणण्यास मी स्टेशनवर गेलो," असं लिहिलं होतं. विमलाताईंनी लाल पेन्सिलीनं "गेले" केलं. त्या उपाध्यक्ष, पुण्याच्या, यजमान हायस्कुलात मास्तर. इकडं बायका गेलो-आलोच म्हणतात. आता लिहिताना मी गेले-आले लिहिते, इथंसुद्धा. बोलताना जमत नाही.

दुपारी चिमणाबाई कात्री घेऊन आल्या. साहेबांचं उसवून टाकायचं, तुटलेले धागे सांधायचे आणि आपलं काम सुरू करायचं, असा त्यांचा साधा हिशोब. आक्का दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"शब्द दिलाय मी. साहेब येईपर्यंत कोण हात लावायचा न्हाई."

"अवो पण माग माझा हाय," चिमणाबाई म्हणाल्या.

"माग तुझा हाय की. वीत त्येंची हाय."

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी मागालाही हळदकुंकू लावलं. कुणीतरी वितीवर तिळगूळ ठेवला. संध्याकाळपर्यंत मुंग्या.

सोमवार, १९ जानेवारी

कार्यकारिणीची सभा. विषय एकच — वीत.

पर्याय तीन निघाले. उसवणे — साहेबांचा अपमान. पुढे विणणे — साहेबांच्या शेजारी विणायची आपली योग्यता काय, असं विमलाताई म्हणाल्या. कापून काढणे — शुभकार्यात कात्रीचं नाव नको, असं सगळ्याच म्हणाल्या. ठराव — दिवाणसाहेब पुन्हा येईपर्यंत माग जैसे थे ठेवावा. एकमताने मंजूर. नंतर तिळाच्या वड्या.

मंडळात तेवीस बायका आणि माग एक. तोही मंडळाचा नाही. चिमणाबाईंनी दोन महिने शिकवायला म्हणून कबनूरहून बैलगाडीतनं स्वतःचा माग आणलेला. नवऱ्याच्या हातचा. आम्हाला कुणालाच विणता येत नाही. आता येणारही नाही, कारण शिकायचं तर मागाला हात लावावा लागेल.

मी हे सगळं शुद्ध भाषेत लिहिलं. वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी

दिवाणसाहेबांचं कार्ड. गुडघा दुखतो आहे, होळीनंतर येतो. "विणकाम सुरक्षित असेलच."

आक्कांनी स्वतःची कोसा रंगाची शाल मागावर पांघरली. वीत तेवढी उघडी ठेवली, देवाच्या मुखवट्यासारखी. विमलाताईंनी पुठ्ठ्यावर पाटी लिहिली — कृपया हात लावू नये.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

लोक बघायला येतात. आज कागलहून चार बायका आल्या होत्या. त्यांतल्या एकीनं विचारलं, कशाला पावतो म्हणून. मी म्हटलं, माग आहे, पावत नाही. तिनं तरी डोकं टेकवलं. विमलाताईंना ते आवडलं नाही, पण त्यांनी पाटीखाली "पादत्राणे बाहेर काढावीत" वाढवलं.

चिमणाबाई रोज येतात. पायरीवर बसतात. भाऊ पिराजी टांगा चालवतो, त्याच्याकडं उतरल्यात. पिराजीच्या दोन खोल्या, पाच पोरं. त्यानं परवा विचारलं म्हणे, "तुज्या सायबाचा गुडगा कवा बरा हुनार?"

"जावा की कबनूरला," मी म्हटलं. "साहेब आले की माग पाठवतो आम्ही."

"माग घिऊन आलो, माग घिऊनच जाणार," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "ह्या ताण्यावर लेकीचं लुगडं हुतं वो."

मला माहीत नव्हतं. आम्हाला शिकवता शिकवता लेकीचं लग्नाचं लुगडं विणून व्हावं, म्हणून त्यांनी उभ्या धाग्यांचा तोच ताणा भरला होता. हिरवा, तांबडे काठ. बापाच्या मागावरचं लुगडं नेसूनच पोरीला बोहल्यावर उभी करायची, हे त्यांच्या मालकांनी मरताना मागून घेतलेलं. लग्न वैशाखात.

आक्कांना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. निवडतच राहिल्या. "शब्द दिलाय," म्हणाल्या.

शुक्रवार, ६ मार्च

होळी झाली. रंगपंचमी झाली. कार्ड आलं — एका वाचनालयात जायचं आहे, पाडव्यानंतर येतो.

मंगळवार, १७ मार्च

पाडव्याला मागावर गुढी उभारली. मंडळाच्या वर्षाच्या अहवालात "कार्य" या मथळ्याखाली काय लिहायचं यावर दोन तास चर्चा. शेवटी "एक वीत" असं लिहिलं.

शनिवार, २१ मार्च

काय केलं ते लिहून ठेवते. ही वही माझ्या पेटीत तळाशी असते, पेटीला कुलूप असतं.

दुपारी घर झोपलेलं. शेजारी मिरची कांडायचा डंका सुरू झालाय, वर्षभराच्या चटणीचे दिवस. दणादण आवाज, सगळी गल्ली शिंकते. मी खोली झाडायला उघडली तर चिमणाबाई मागं येऊन उभ्या.

"मला नुस्तं बसू द्या वो मागावर. काय करत न्हाय."

मी दार लावून घेतलं. त्या बसल्या. काही केलं नाही खरंच. पाय तेवढे आपोआप हलायला लागले. मग डोळ्यांतनं पाणी. मिरचीचं असेल.

मी शाल बाजूला केली.

त्यांनी तुटलेले अकरा धागे सांधले. साहेबांच्या वितीला बोट लावलं नाही. तिच्या पुढं विणायला घेतलं. डंका दणादण, माग खटाखट. तासाभरात हातभर कापड. असं कापड! कागदासारखं सपाट, दोन्ही कडा सुतात.

मग प्रश्न पडला, हे लपवायचं कुठं. चिमणाबाईंनी झटक्यात केलं. नवं कापड सैल सोडून त्याच्या घड्या घातल्या, शालीखाली सारल्या, आणि साहेबांची वीत ओढून पुढं, होती तशी मांडली. पाटी सरळ केली.

संध्याकाळी विमलाताई येऊन नमस्कार करून गेल्या.

शनिवार, २८ मार्च

महावीर जयंती. देवळात गेलो सगळे. हात जोडले आणि मनात आलं, आजची दुपार फुकट गेली. मग त्याचीच क्षमा मागितली.

सोमवार, ६ एप्रिल

आज मी विणलं. चार बोटं.

चिमणाबाईच म्हणाल्या, "किती दिस दार राखनार? बसा." मी म्हटलं, लेकीचं लुगडं आहे, बिघडेल. त्या म्हणाल्या, "बिघडलं तर उसवीन. तुम्ही काय दिवाण न्हाय."

पहिले वीस धोटे पडलेच. मग एक गेला. सरळ, काठापासून काठापर्यंत, पलीकडं टक् करून थांबला. काय सांगू. लग्न झालं तेव्हा सोळा वर्षांची होते, हे गेले तेव्हा तेवीस. तेव्हापासून हातांना काम आहे — धुणं, भांडी, वाती, इतिवृत्त. पण दुपारी जे हातात आलं ते कुणाचं उष्टं नव्हतं.

आणि हिरवा रंग. आठ वर्षांत हिरव्याला हात लावला नव्हता.

सोमवार, १३ एप्रिल

उद्यापासून अधिक महिना. चिमणाबाई खूश. "धोंड्याचा म्हैना मधी आला म्हून बरं. लगीन म्हैनाभर फुडं गेलं." सात जूनची तारीख धरली आहे.

साहेबांचं कार्ड — उन्हाळा फार आहे.

बुधवार, २२ एप्रिल

शाल फुगायला लागली आहे. विमलाताईंनी आज चष्मा लावून बघितलं.

"पद्माताई, माग जाड झालाय का हो?"

"दमट हवेनं लाकूड फुगतं," मी म्हणाले. एप्रिलात. कोल्हापुरात.

"हो का," म्हणाल्या. आणि वहीत टिपून घेतलं.

रविवार, ३ मे

मोठं संकट. वीत काचेच्या पेटीत ठेवावी असा ठराव विमलाताईंनी मांडला आणि पास झाला. सुतार मापं घ्यायला येणार. मापं म्हणजे शाल काढणार.

मंगळवार, ५ मे

सुतार आला. मी दारातच सांगितलं, आधी पाटी वाच. त्याला वाचता येत नव्हतं. वाचून दाखवली. तो म्हणाला, हात न लावता मापं कशी घेऊ? मी म्हटलं, तेच तर. त्यानं बाहेर काढलेल्या वहाणा घातल्या आणि गेला.

सभेत सांगितलं — सुतार पवित्र्य राखून काम करायला असमर्थ आहे. विमलाताईंनी "पावित्र्य" असं दुरुस्त केलं. विषय पुढच्या सभेवर.

आक्का माझ्याकडं बघत होत्या.

सोमवार, १८ मे

तीन हात राहिलं आहे. चिमणाबाई विणतात, मी घड्या घालते. मग मी विणते, त्या बघतात. माझं कुठलं आणि त्यांचं कुठलं ते मला ओळखू येतं. अजून कुणाला येणार नाही, असं त्या म्हणाल्या. उगाच म्हणत नाहीत त्या काही.

ठरलं असं — एकतीसच्या रविवारी कार्यकारिणी पन्हाळ्याला सहलीला जाणार आहे. त्या दिवशी लुगडं उतरवायचं. साहेबांची वीत सुरवातीची आहे, ती कापून मागावर तशीच टाचून ठेवायची. कापड नेसायला मोकळं, वीत पूजेला मोकळी. वर शाल. वर पाटी.

शुक्रवार, २९ मे

काम पुरं. शेवटचा धोटा मी टाकला. चिमणाबाईंनी कानशिलावर बोटं मोडली.

शनिवार, ३० मे

तार — "उद्या सकाळी येतो."

पन्हाळा रद्द.

रविवार, ३१ मे

काय झालं ते क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दहाला साहेब आले. पिराजीच्याच टांग्यातनं. तेवीस बायका, रांगोळी, ओवाळणं. साहेब वाळलेले दिसले. हार गळ्यात घालून घेतला पण भाषण नको म्हणाले. थेट मागापाशी गेले. वीत बघितली. खाली वाकून जवळनं बघितली. विमलाताई म्हणाल्या, "जशी ठेवलीत तशीच आहे." साहेबांनी मान हलवली आणि मी पुढं व्हायच्या आत शाल ओढली.

घड्या सुटल्या. हिरवं लुगडं सळसळत जमिनीवर आलं. एवढालं. पाटीवर, रांगोळीवर, साहेबांच्या पायांवर.

शेजारच्या डंक्याला रविवारची सुट्टी.

मग विमलाताईंनी हात जोडले. "चमत्कार," म्हणाल्या. "साहेबांचा हात लागला आणि माग आपोआप चालला." मागनं कुणीतरी नाक ओढलं. दोघी-तिघी वाकल्या. कुणीतरी घंटा आणायला पळालं. आणि विमलाताई माझ्याकडं वळल्या, "चिटणीस, लिहून घ्या. दिवाणसाहेबांच्या हस्तस्पर्शाने प्रेरित होऊन मागाने स्वयमेव नऊवार वस्त्र सिद्ध केले. हे वस्त्र मंडळाची ठेव म्हणून कायम जतन करावे."

कायम जतन! लग्न सातला.

मी आक्कांकडं बघितलं. त्या भिंतीशी उभ्या. चेहऱ्यावर काही नाही. चिमणाबाई दाराबाहेर, वहाणांच्या ढिगापाशी. त्या बोलणार नाहीत हे मला ठाऊक होतं. बोलल्या तर किल्ली कुणाकडं होती, हे निघणारच.

मी वही उघडली. लिहिलं. आमच्या मंडळात लिहिलेलं वाचून दाखवायची पद्धत आहे, म्हणून उभी राहून वाचलं — "सदर लुगडे कबनूरच्या चिमणाबाई यांनी विणले. काही भाग मी विणला. दुपारी, दार लावून. ते चिमणाबाईंच्या मुलीच्या लग्नासाठी आहे."

आवाज माझाच होता. जरा मोठा आला.

विमलाताई म्हणाल्या, "असं कसं लिहिता येईल? ठराव झालाय."

साहेबांना थोडं कमी ऐकू येतं. त्यांनी कानाला हात लावून परत वाचायला सांगितलं. मी परत वाचलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

"चिमणाबाई कोण?" त्यांनी विचारलं.

त्यांना आत आणलं. पदर डोक्यावर, नजर खाली.

"माझ्या पुढे विणलंत तुम्ही. मग माझी वीत का नाही उसवलीत?"

"हात लावू नये म्हून लिवलंय की," चिमणाबाई म्हणाल्या.

साहेब खुर्चीवर बसले. रुमालानं तोंड पुसलं. मग हळूहळू सांगायला लागले. जानेवारीत मिरजेला परत गेल्यावर त्यांना हौस वाटली, एका विणकराच्या घरी जाऊन माग बघितला. तिथं कापड म्हणजे काय ते कळलं. त्या रात्री झोप नाही. आपण काय करून ठेवलंय, आणि त्या बिचाऱ्या बायका ते जपून ठेवताहेत! गुडघा वगैरे काही नव्हता. तोंड दाखवायची लाज वाटत होती. दर महिन्याला कार्ड लिहीत राहिले. शेवटी म्हणाले, मरायच्या आधी एवढं तरी निस्तरावं.

"मी ते उसवायला आलोय," म्हणाले. खिशातनं लहान कात्री काढली.

आक्कांना विचारलं नाही, विमलाताईंना विचारलं नाही. चिमणाबाईंना विचारलं, "चालेल ना?"

"बसा की सायेब. सावकास. ताण्याला कात्री लावू नका तेवढी."

साहेब सतरंजीवर मांडी घालून बसले आणि एक एक आडवा धागा काढायला लागले. विणायला पाऊण तास लागला होता. उसवायला दोन तास लागले. आम्ही सगळ्या उभ्या. पहिला धागा निघाला तेव्हा कुणीतरी सवयीनं टाळी वाजवली. साहेबांनी मान वर केली नाही. मग कुणी वाजवली नाही.

विमलाताईंनी मधेच विचारलं, मंडळाचा या कापडावर हक्क काय? साहेब न बघता म्हणाले, "माझी वीत मी काढून घेतोय. उरलेलं त्यांचं." निकाल दिल्यासारखं. दिवाण होते खरे.

वीत गेली. उरले मोकळे उभे धागे. चिमणाबाईंनी त्यांच्या गाठी मारून पदराचे गोंडे केले.

जाताना साहेब मला म्हणाले, "तुमचं कुठलं त्यातलं?" मी दाखवलं. त्यांनी तिथं बोट ठेवलं. "कळत नाही," म्हणाले. टांग्यात बसेपर्यंत दोनदा म्हणाले.

सोमवार, १ जून

पिराजीनं गाडी आणली. माग उतरवला, दोरखंडानं बांधला. चिमणाबाई गेल्या. खोली एवढी मोठी आहे हे माहीत नव्हतं.

किल्ली आक्कांनी काढून घेतली. चिटणीस आता विमलाताई.

रविवार, ७ जून

आज लग्न. मला जाऊ दिलं नाही.

शुक्रवार, १९ जून

घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. बापूसो — आक्कांचे यजमान, घरातले कर्ते — पेढीवर चार लोकांनी विचारलं म्हणून चिडलेत. विधवा सून कोष्टिणीबरोबर दार लावून माग चालवते. दार लावून, हेच सगळ्यांना लागलंय. मीच लिहिलं होतं ते. गाळता आलं असतं.

मंगळवार, २३ जून

बापूसोंचा निर्णय झाला. मला आश्रमात ठेवायचं. तिथं माझ्यासारख्या पंधरा-वीस आहेत. स्वाध्याय, एकवेळचं जेवण, पांढरं वस्त्र. वाईट जागा नाही. दीक्षाच घ्यावी असं कुणी म्हणत नाही, पण परत आणायचं असंही कुणी म्हणत नाही.

आक्कांकडं गेले. म्हटलं, आक्का, तुम्ही तरी सांगा. त्या देवापुढच्या वाती करत होत्या.

"पेटी भर," म्हणाल्या. "मी स्वतः पोचवतो तुला."

सोळाव्या वर्षी या घरात आले तेव्हा माप ओलांडायला यांनीच हात धरला होता.

रविवार, २८ जून

पेटी भरली. दोन लुगडी, जपाची माळ, ही वही. उद्या सकाळच्या मोटारनं.

सोमवार, २९ जून. कबनूर

हातकणंगल्यात आश्रमाकडची मोटार उभी होती. आक्कांनी माझी पेटी कबनूरवरनं जाणाऱ्या इचलकरंजीच्या मोटारीवर चढवायला सांगितली. मी मागोमाग चढले.

चिमणाबाईंच्या मागावर नवा ताणा होता, चार धागे तुटलेले. आक्का थेट मागावर बसल्या. पदर खोचला. चारी धागे बोटाच्या टोकांनी, न बघता सांधले. मग धोटा टाकला. मी असा धोटा बघितलेला नाही. चिमणाबाई भाकरी थापायच्या थांबल्या.

"म्हायेरी, रबकवीला, आमच्या अव्वाचे दोन माग हुते," आक्का म्हणाल्या. "लग्नात ह्यांच्या घरात कोण सांगितलं न्हाई. तीस वर्षं झाली."

उठल्या. हात झटकले.

"तुझा धोटा उजवीकडं अडकायचा. रोज ऐकत हुतो वरनं. मनगट सैल सोड."

चहा घेतला नाही. संध्याकाळची मोटार गाठायची होती.

"घरात सांगतो मी," दारातनं म्हणाल्या, "आश्रमात पोचवलं म्हणून."